कड्याचा उपयोग

"आणि हे कडं कशासाठी?" व्यापाऱ्याने शेडमधल्या यंत्राकडे बोट दाखवत विचारलं.

तोवर सगळं झकास चाललं होतं. शेंगा फोडायचं यंत्र सकाळपासून गुणी बाळासारखं वागत होतं. वरून शेंगा टाकल्या की एका बाजूला दाणे, दुसऱ्या बाजूला टरफलं. व्यापाऱ्याला चाळीस यंत्रं हवी होती. शेडमधून चार वर्षांत विकली गेली होती अकरा, त्यातली सात नात्यात. ही ऑर्डर मिळाली तर शेड तरणार होती. नाहीतर महिनाअखेर तिला कुलूप, आणि ज्या पंपाच्या कारखान्यातल्या साहेबाला ताठ मानेने रामराम ठोकला होता, त्याच्याच पुढे संशोधकाने मान खाली घालून उभं राहायचं. संशोधक हे नाव त्याला गल्लीने दिलेलं, थोडं कौतुकाने आणि बरंचसं गमतीने.

कडं यंत्राच्या डाव्या पायाला होतं. लोखंडी, ताटाएवढं, पक्कं वेल्डिंग केलेलं. धड पूर्ण गोलही नव्हतं, एका जागी दोन बोटं तुटलेलं होतं. संशोधकाने वेल्डरकडे पाहिलं. वेल्डरने संशोधकाकडे पाहिलं.

वेल्डर म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. पहिल्या यंत्रावर कडं दिसलं तेव्हा संशोधकाला वाटलं, दादांनी काहीतरी विचार करून बसवलंय. थोरल्या मेहुण्याला "हे काय?" असं तोंडावर कसं विचारायचं? आणि मेहुण्याला वाटत होतं, दाजींनी ड्रॉइंगमध्ये काढलंय म्हणजे त्यामागे विज्ञान असणार. बहिणीच्या नवऱ्यापुढे आपलं अज्ञान कशाला उघडं करा? अशा रीतीने दोघांनी एकमेकांचा मान राखत अकरा यंत्रांना अकरा कडी बसवली होती, आणि हे धरून बारा.

"मजबुतीसाठी," संशोधक म्हणाला.

"हवेसाठी," त्याच क्षणी वेल्डर म्हणाला.

व्यापाऱ्याने खिशातून मोबाइल काढून पुढे धरला. फोटोत हुबेहूब हेच यंत्र होतं, फक्त रंग हिरवा. कडंही तेच, आणि तुटलेलंही तिथेच.

"शेजारच्या गावातला एक जण म्हणतो, हे यंत्र त्याच्या डोक्यातून निघालंय. तुम्ही म्हणता तुमच्या. मी नकली माल विकत नाही, मला पुढे कोर्टकचेऱ्या नकोत. त्यालाही मी हाच प्रश्न विचारला. तो एकट्या कड्यावर पंधरा मिनिटं बोलला. आणि तुमचं दोघांचं एका शब्दावर एकमत नाही!"

संशोधकाला आता उलगडा झाला. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक टेप घेऊन तासभर यंत्र मोजत बसलं होतं. बसायला खुर्ची यानेच दिली होती, वर पंखाही लावला होता. आता खोटं बोलावं तर कुठलं, तेही सुचेना.

"शेठ, खरं सांगू? मला माहीत नाही. कडं दादांनी बसवलं."

"मी?" वेल्डर उसळला. "दाजी, ड्रॉइंगमध्ये होतं म्हणून बसवलं! माझ्या मनानं मी एक खिळा ठोकत नाही."

"अहो, भांडू नका, थांबा जरा," टरफलं पोत्यात भरणारी संशोधकाची बायको म्हणाली. हात झटकून ती आत गेली आणि कागदाची गुंडाळी घेऊन आली. वेल्डरकडे होती ती काळी-पांढरी झेरॉक्स, हे मूळ ड्रॉइंग. तिने ते टेबलावर पसरलं. सगळ्या रेघा निळ्या शाईच्या होत्या. डाव्या पायावरचं वर्तुळ तेवढं तपकिरी होतं.

ती क्षणभर बघत राहिली. मग तिने व्यापाऱ्यासमोरचा चहाचा कप उचलला आणि त्या वर्तुळावर ठेवला. तंतोतंत बसला.

"तुम्ही हे काढत होता तेव्हा मी इथं चहा आणून ठेवला होता," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही म्हणालात, बघत बघत पितो."



"पण मी तर नीट मोजून केलं," वेल्डर पुटपुटला. "खाली लिहिलंय, कागदावर एक तर लोखंडात चार. म्हणून चौपट केलं. इथं डाग उमटलाच नव्हता, म्हणून तेवढं तुटकं ठेवलं." आवाजात लाज होती, पण कामाचा अभिमानही होता.

व्यापाऱ्याला हसू फुटलं. इतकं, की त्याला खुर्चीत बसावं लागलं.

"ज्याला या कड्याचा उपयोग माहीत आहे," डोळे पुसत तो म्हणाला, "त्यानं हे यंत्र बनवलेलं असणं शक्यच नाही. चहा तुमचा, म्हणजे यंत्र तुमचं." आणि तिथेच टेबलावर त्याने चाळीस यंत्रांच्या ऑर्डरवर सही केली. बायकोने पदराने चेहरा पुसला आणि वेल्डर उगाचच यंत्राला फडकं मारू लागला.

संशोधक व्यापाऱ्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. अंगावरून ओझं उतरल्यामुळे त्याला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पण गाडीचं दार लागता लागता त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"शेठ, एक विचारू? तो पंधरा मिनिटं काय सांगत होता हो?"

"म्हणाला, यंत्राचा हादरा या कड्यात शिरतो, गोल फिरतो आणि तुटलेल्या जागेतून बाहेर पडतो. म्हणून दाणा अख्खा राहतो."

गाडी निघून गेली. संशोधक रस्त्यातच हनुवटी खाजवत उभा राहिला. हादरा शिरतो. गोल फिरतो. बाहेर पडतो.

एवढ्यात आत कटर सुरू झाल्याचा आवाज आला.

संशोधक चप्पल तिथेच टाकून शेडकडे पळत सुटला. "दादा, थांबा! कडं कापू नका! दाणा त्याच्यामुळेच अख्खा राहतो!"