अडीच तास मागं

“सगळं लग्न अडीच तास मागं घे,” मच्छिंद्रराव खुर्ची ओढत म्हणाले, जणू लग्न म्हणजे दारात आडवी लागलेली बैलगाडी.

परतूरच्या फोटो स्टुडिओत फोटोग्राफर करणनं कीबोर्ड सोडला आणि त्यांच्या सुनेला जागा करून दिली. सून म्हणजे अर्पिता, बीसीए झालेली. लग्नाला जेमतेम महिना झाला होता, पण इन्व्हर्टरपासून मिक्सरपर्यंत घरात जे जे बिघडलं ते तिच्याच नावावर लागलं होतं. टळलेला मुहूर्तसुद्धा. नवरी नटत बसली म्हणून उशीर झाला, हे सासऱ्यांनी मांडवातच माइकवरून जाहीर केलं होतं.

आता फोटो भावकीच्या ग्रुपवर जायचे होते. आणि हल्ली फोटोला बोट लावलं की तो किती वाजता काढला तेही दिसतं.

“मुहूर्त बारा पस्तीसचा, अक्षदा पडल्या तीनच्या पुढं,” मच्छिंद्रराव म्हणाले. “थोरले भाऊ एकेक फोटो तपासून राह्यले. बारा पस्तीस दिसलं की मिटलं. तुला येतं न्हाई का?”

“येतं, मामा.”

एकेक फोटो उघडून वेळ बदलली असती तर पुढची लग्नसराई उजाडली असती. अर्पितानं कमांड लिहायची काळी खिडकी उघडली, एक ओळ लिहिली, एंटर दाबलं. हजारावर फोटो निमूट अडीच तास मागं सरकले. अक्षदा बराबर बारा पस्तीसला पडल्या. मच्छिंद्ररावांनी खूश होऊन चहा सांगितला.

चहा येईतो ते फोटो बघत बसले. शालू नेसून, मुंडावळ्या बांधून नवरी खोलीत तयार : सकाळी नऊ पंचावन्न. मग मारुतीच्या देवळापासून मांडवाकडं वाजतगाजत निघालेला नवरदेवाचा परण्या. डीजे. घोडा सोडून मित्रांच्या खांद्यावर चढलेला नवरदेव. दातात रुमाल धरून नाचणारे खुद्द मच्छिंद्रराव : दहा वाजता, अकरा वाजता, बारा वाजता. मधेमधे नवरी, तिथंच बसलेली, दाराकडं बघत.

“हे तर तसंच राह्यलं की!”

“सगळंच मागं गेलं, मामा. तुमचं नाचणंही, माझं बसणंही.”

“मंग तुझे तेवढे फोटो पुढं ढकल. जल्दी. नाचणं संपल्यावर तयार झाली असं दिसू दे.”

चहा आला, आणि करण आपल्या कपात काहीतरी शोधायला लागला.

अर्पितानं दुसरी ओळ लिहिली. एंटर. सगळे फोटो होते तिथं, आपापल्या खऱ्या वेळेवर परत आले. नवरी बारा पंचवीसला तयार, मच्छिंद्रराव अडीचला नाचताना. मग तिनं अल्बमची लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली.

“अगं, काय केलं हे? भावकी काय म्हणंल?”

“महिनाभर म्हणूनच राह्यली की, मामा.” तिनं आलेला चहा त्यांच्यापुढं सरकवला. “आता थोडं तुम्ही ऐका.”