लपवलेली तार

एकाहत्तरच्या लढाईत बंडूजींचं काम एकच होतं. विमानातून काढलेल्या फोटोंवर भिंग धरायचं आणि शत्रूची वायरलेस ठाणी हुडकायची. रिटायर होऊन ते नाचणगावात आले आणि रोज संध्याकाळी रेडिओच्या बातम्या ऐकायला अर्धं गाव त्यांच्या ओट्यावर जमू लागलं. बातम्या संपल्या की बंडूजी सुरू व्हायचे.

"दुश्मन लय हुशार! खांबावर जाळी टाकते, तार झाडात लपवते. पण माणसं त तिथं जाणं-येणं करतेच ना? आपण फक्त पायवाट पाह्यची. जिथं पायवाट जाऊन संपली, तिथं वायरलेस!"

एवढ्या जाणत्या माणसाने पोस्टात जाऊन तेव्हा सक्तीचं असलेलं रेडिओचं लायसन मात्र काढलं नव्हतं. ते म्हणे बावळटांनी काढायचं. त्यांनी एरियलची तार कडुनिंबाच्या फांद्यांत अशी दडवली होती, की फांदीवरच्या कावळ्यालाही दिसू नये.

एका दुपारी लायसन तपासणारा इन्स्पेक्टर सायकलवर आला. गावात तो पहिल्यांदाच येत होता, तरी कोणाला काही न विचारता थेट बंडूजींच्या दारात उतरला.

बंडूजींचा चेहरा पडला. "साहेब, रेडिओ बंद हाये, तार झाडात हाये. मंग तुमाले दिसली कशी?"

इन्स्पेक्टरने आपल्या मागच्या, तरोट्याचं तण माजलेल्या पडीक जागेकडे बोट दाखवलं.



"तार कुठं दिसली जी! एवढ्या तरोट्यातून एकच पायवाट निघाली, अन् ते तुमच्या ओट्यावर येऊन संपली."