शिशीतले थेंब

आणीबाणी उठली त्या साली वडूजकडं गुरांच्या डॉक्टरांनी एक नवं परदेशी औषध आणलं. मनुबाईची गाय माजावर येत नव्हती. डॉक्टरांनी तिला पहिलं इंजेक्शन दिलं, म्हणाले, "आता गाभण राहील बघा," आणि रिकामी शिशी उकिरड्यावर टाकली. मनुबाईनं ती गुपचूप उचलली. सून चंद्राची कूस पाच वर्षं उजवली नव्हती. जे गाईला लागू पडतं, ते सुनेला का पडू नये? तळाचे थेंब तिनं खोबरेलात मिसळले आणि देवीचा अंगारा घातलेलं तेल आहे म्हणून सुनेच्या ओटीपोटाला चोळायला लागली. आज सकाळीही चोळलं होतं.

दुसऱ्या इंजेक्शनाला डॉक्टर आले, तेव्हा गाईचं दावं चंद्रानं धरलं होतं.

"बाई, पोटुशी असाल तर लांब व्हा," डॉक्टर म्हणाले. "ह्यानं गाय माजावर येते, पण गाभण असली तर गाभ पडतो. माणसाच्या कातडीतूनसुद्धा भिनतं हे."

मनुबाईची नजर चंद्राच्या पोटाकडं गेली. मग तिला आठवलं, चंद्रा परवापर्यंत तर बाहेर बसली होती, वेगळ्या ताटात जेवत होती. तिच्या जिवात जीव आला.

"न्हाई वो डाक्टर, तसलं काय न्हाई."

चंद्राच्या हातातलं दावं गळून पडलं. ती सासूच्या कानाशी आली.

"आत्याबाई, दिष्ट लागाय नगं म्हणून ह्या खेपेला मी खोटंच बाहेर बसले हुते."