काचेतली इरकल

"आईसाहेब, उद्या माझ्या आईचं श्राद्ध आहे. तिची इरकल एक दिवस नेसू द्या," युवराज्ञी सासूबाईंना म्हणाली.

"ती साडी आता लोकांची झाली, सूनबाई."

गेल्या दसऱ्याला ती दरबारात पैठणीऐवजी आईच्या ट्रंकेतली जुनी इरकल नेसली होती. फोटो पसरला. कुणी लिहिलं, 'राणी की मोलकरीण?' कुणी, 'हाच खरा साधेपणा!' अखेर कौतुक जिंकलं आणि साडी राजवाड्याच्या संग्रहालयात गेली.

सासूबाईंकडून निघून युवराज्ञी तिथे पोहोचली तेव्हा दोन पर्यटक बायका काचेपुढे उभ्या होत्या.

"रंग उतरलाय गं!"

"पण तिला काहीही शोभतं."

युवराज्ञीने रखवालदाराला विचारलं, "कपाट जरा उघडता?"

"हवाबंद आहे, वहिनीसाहेब. साडी धुतलीही नाही, होती तशीच ठेवलीय."

म्हणजे आईचा वास अजून आत होता. तिने काचेला नाक टेकवलं.

मागे दोघींनी मोबाइल वर केले.