पाठमोरा सिंह

“सिंह हमखास दिसतो, काका. शंभर टक्के,” असे म्हणून बुकिंगच्या टेबलापलीकडील मुलीने पहिले माहितीपत्रक पुढे सरकविले.

पेंढावाल्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून वाचावयास आरंभ केला. वस्तुसंग्रहालयात मृत प्राण्यांची कातडी साच्यावर चढवून त्यांना जिवंतपणाचा आभास देणे, हा त्यांचा व्यवसाय. पेंढा भरण्याची पद्धत केव्हाच मागे पडली होती; नाव तेवढे चिकटून राहिले होते. पुढील महिन्यात ते सेवानिवृत्त होणार होते. आफ्रिकेत जाऊन, जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने रानातील जनावरांची छायाचित्रे काढावयाची, हा निश्चय त्यांनी एकोणीस वर्षे मनात जपला होता. अशी सहल आयुष्यात एकदाच परवडणारी होती, आणि आरक्षणाचा आज शेवटचा दिवस होता.

पत्नी शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती. तिने घरून निघतानाच बजाविले होते, “खात्रीची सहल असेल तरच माझी सही. नाहीतर हा विषय कायमचा बंद.” तिच्या या हट्टामागे कंजूषपणा नव्हता. गेले वर्षभर हा मनुष्य जुना कॅमेरा घेऊन, कामाची वेळ संपल्यावर आपल्याच दालनातील प्राण्यांवर सराव करीत होता. तो एवढ्या लांबून हिरमुसला होऊन परत यावा, हे तिला पाहवणार नव्हते.

“समजा, नाहीच दिसला तर?” पेंढावाल्यांनी मुलीला विचारले.

“असं होतच नाही. चहूबाजूंनी कुंपण आहे. जाणार कुठे तो?”

“झालं तर मग,” पत्नी म्हणाली. “हीच घ्या.”

पेंढावाल्यांनी माहितीपत्रक पालथे घालून बाजूस ठेवले.

मुलीने दुसरे काढले. “ही त्याहून सरस. गाडी सिंहापासून दोन हातांवर नेऊन उभी करतात. तिथल्या सिंहांना गाड्यांची इतकी सवय झाली आहे, की ढिम्म हलत नाहीत. हवे तेवढे फोटो काढा.”

“अजिबात हलत नाहीत?”

“जांभई दिली तर तुमचं नशीब.”

दुसरे माहितीपत्रक पहिल्यावर जाऊन पालथे पडले.

“अहो, तुम्हाला हवंय तरी काय?” पत्नी म्हणाली. “सिंहाने विमानतळावर घ्यायला यावं का आपल्याला?”

मुलीला हसू आवरले नाही. मग किंचित अवघडून ती म्हणाली, “तिसरी एक आहे. पण ती मी सहसा कुणाला दाखवत नाही.”

तिसऱ्या सहलीची वाटाडी ही एक उतारवयाची बाई होती. ती केवळ चार माणसे सोबत घेई आणि त्यांना रानातून पायी हिंडवी. गाडीला न बिचकणारे जनावर पायी चालणारा मनुष्य पाहताच दूर निघून जाते, हे मुलीने प्रामाणिकपणे सांगितले. मागील वर्षी एका गिऱ्हाइकाने लेखी तक्रार केली होती. तक्रारीसोबत पुराव्यादाखल त्याने आपली छायाचित्रे जोडली होती. मुलीने ती संगणकावर उघडली. झेब्र्यांच्या पाठी. हत्तीची पाठ. जिराफाचे दोन मागचे पाय. शेवटी सिंह, तोही पाठमोरा.

“एवढ्या लांब जाऊन शेपट्याच बघायच्या?” पत्नी म्हणाली. “शेपट्या तर तुम्ही रोज विंचरता.”

पेंढावाल्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. सिंहाचा एक मागचा पाय जमिनीपासून सुटला होता. त्या पायाखालची धूळ अद्याप खाली बसली नव्हती. तो जेथे पहुडला असावा, तेथील दबलेले गवत अर्धेमुर्धेच पुन्हा उभे राहिले होते.

“याला कुणी हाकललं होतं का?” त्यांनी विचारले.

“नाही हो. या लोकांना बघून उठला आणि गेला.”

“आपणहून?”

“आपणहूनच.”

“मग हीच सहल लिहा,” पेंढावाले म्हणाले.

त्यांचा स्वर शांत होता. परंतु त्यात माघार नव्हती. मुलीने पत्नीकडे पाहिले. अर्जावर दोघांच्याही सह्या लागणार होत्या. पेंढावाल्यांनी आपली सही केली व कागद पत्नीपुढे ठेवला. तिने पेन हातात घेतले नाही.

“आधी कारण सांगा,” ती म्हणाली. “एक फोटो धड येणार नाही. उद्या नातेवाइकांना दाखवणार काय? घरी येऊन तोंड पाडून बसलात, तर मी काय करू?”

पेंढावाल्यांना मनातले बोलण्याची सवय नव्हती. त्यांनी पडद्यावरील त्या अधांतरी पायावर बोट ठेवले.

“अगं, चौतीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “मी उभं केलेलं एकही जनावर अजून जागचं उठून गेलेलं नाही.”

पत्नीने पेन उचलले, आणि सही करण्यापूर्वी मुलीस एवढेच विचारले, “हा सिंह नक्की निघून जातो ना? ऐनवेळी बसून राहिला, तर चालायचं नाही.”