कानशिलाला विचारून

"चावा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिंपीणआजींनी नवी कवळी मिटली. सफरचंदाची फोड दातांतून निसटली आणि जशीच्या तशी जिभेवर येऊन बसली.

"महिना झाला, सगळं वाटून देतेय," सून म्हणाली. "आता म्हणतात, कवळी नको नि जेवणही नको."

"वाटलेलं खाऊन जीव विटला गं. घास कसा, दाताखाली वाजला पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी आजींच्या दोन्ही कानशिलांवर बोटं टेकली. "पुन्हा चावा." बोटांखाली काहीच हललं नाही. गालाचा स्नायू तेवढा जरासा हलला, झोपेत कूस बदलावी तसा.

"या घरात कुणीच कसं नाही?" कानशिलावर बोटाने टकटक करत त्या पुटपुटल्या. मग बाजूने वाकून पाहू लागल्या. "आजी, हनुवटी पुढे का काढता?"

"मी कुठं काढते?"

सून हसली. "दोरा तोडताना अश्शीच काढतात. पन्नास वर्षं झाली, कात्री हाताशी नि दोरा दाताशी."

डॉक्टरीणबाई थबकल्या. महिन्यापूर्वी माप घेताना त्यांनी आजींच्या तोंडात मऊ मेण धरलं होतं आणि म्हणाल्या होत्या, चावा. आजींनी चावण्याऐवजी हनुवटी पुढे काढून मेणावर दोरा तोडला होता. कवळी त्याच मापाची झाली.

त्यांनी कवळी काढून घेतली. "आता चावायचं नाही. जिभेचं टोक टाळूला मागे लावा नि आवंढा गिळा."

जबडा टेबलाच्या खणासारखा मागे सरकला.

"आता दाबा."

कानशील बोटांखाली टणक होऊन वर आलं. डॉक्टरीणबाईंनी आजींचंच बोट तिथे नेऊन ठेवलं. हनुवटी पुढे, सामसूम. हनुवटी मागे, जाग. आजी पुन्हा पुन्हा करून पाहू लागल्या. सुनेचाही हात नकळत स्वतःच्या कानशिलाकडे गेला.

"नि दोरा?" आजींनी विचारलं.

"दातांनी तोडाल तर कवळी उचकटेल."

सून आजींच्या तोंडाकडे बघत होती.

"चला," आजी म्हणाल्या, "म्हातारपणी कात्रीचं नशीब उघडलं."

डॉक्टरीणबाईंनी नव्या मापासाठी मेण गरम करून आजींच्या तोंडात धरलं. सवयीने शब्द निघालाच, "चावा."

आजींची हनुवटी पुढे निघाली होती. ती तिथेच थांबली. त्यांनी हाताने मेण बाजूला सारलं.

"थांबा जरा," कानशिलावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आधी याला उठू दे."