प्रतिज्ञापत्रातली एक ओळ

या, जवळ बसा, शिवाजीनगरातल्या वकीलबाईंच्या ऑफिसातली गोष्ट सांगते. समोर बेळगावकडची आई, मांडीवर मणक्यात दोष असलेली सहा वर्षांची दिव्यश्री. गरोदरपणीच्या स्कॅनमध्ये तो दिसत होता. डॉक्टरांनी सांगितलंच नाही, म्हणून त्यांच्यावर भरपाईची केस. इंग्रजी प्रतिज्ञापत्र वकीलबाई मराठीत वाचून दाखवत होत्या. एका ओळीशी थांबल्या. कुठली ओळ ते आईनं ओळखलं. “अक्का, तेवढं गाळा की.” “मग केस कशावर उभी करू? पोरीची ऑपरेशनं व्हायचीत.” “सरी, बरं, वाचा.” आईनं दोन्ही तळवे लेकीच्या कानांवर दाबले. वकीलबाईंनी ओळ वाचली, “दोष आधी कळला असता तर मी हे मूल ठेवलं नसतं.” वाचून झालं तरी हात निघेनात. “सही कुठल्या हातानं करू?” वकीलबाईंनी उठून आपले तळवे तिथं ठेवले. लेक खेळ समजून हसली. आईनं सही केली. यंदा पोर इंग्रजी वाचायला शिकतेय. देवापुढे हात जोडताना दिव्यश्रीला आठवा.